अंधारातील पंगत

आमच्या काळी रात्रीच्या जेवणाची घंटा आणि वीज जाण्याची वेळ बहुधा एकच असे. २००५ ते २००८ ही महाराष्ट्रातील भारनियमनाची वर्षे. आपली शाळा शहराच्या कडेला असल्यामुळे तिच्या वाट्याला खेड्यांचे वेळापत्रक आले होते. साडेसातला वंदना, आठला घंटा, आणि ताटात वरण पडते न पडते तोच अंधार. भोजनगृहाच्या दोन टोकांना दोन कंदील लावले जात. मधल्या रांगांपर्यंत त्यांचा उजेड पोहोचत नसे. आम्ही मधल्या रांगांतले. या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने मिळून काही लिहावे असे ठरले, तेव्हा क्रीडास्पर्धेतील ढाली, दहावीचा निकाल, अजिंठ्याची सहल असे अनेक विषय निघाले. पण बोलणे पुन्हा पुन्हा त्या अंधारातल्या जेवणाकडेच वळू लागले. तेव्हा तोच विषय घेतला.

त्या अंधारात आम्हाला पहिला शोध लागला तो दुधी भोपळ्याचा. दुधीची भाजी उजेडात कोणी दुसऱ्यांदा मागितल्याचे आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. फिकट हिरव्या, पाणचट फोडी ताटात दिसल्या की भूक निम्मी होई. एका रात्री मात्र दिवे गेल्यावरच वाढप सुरू झाले. कसली भाजी आहे याविषयी पैजा लागल्या. कोणी कोहळा म्हणाले, कोणी पडवळ, एकाने तर नवा बटाटा असे ठामपणे सांगितले. मिरची-लसणाची फोडणी चुरचुरीत होती. अर्धी रांग दुसऱ्यांदा भाजी मागत असतानाच वीज आली, आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. घास तोच होता, तोंडही तेच होते. मध्ये केवळ एक दिवा पेटला होता. वाढणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लेकरांनो, तोंडानं जेवता का डोळ्यानं?"

मावशींचा हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी विज्ञानाच्या सरांना जसाच्या तसा विचारला. सरांनी उत्तर दिले नाही. पुढच्या तासाला ते एक बटाटा, एक सफरचंद आणि गुळाचा खडा घेऊन आले. सफरचंद एकच आणि विद्यार्थी बेचाळीस, त्यामुळे ज्यांना प्रयोगासाठी पुढे बोलावले त्यांचा इतरांना किती हेवा वाटला हे सांगणे नको. डोळ्यांवर रुमाल, नाक चिमटीत घट्ट धरलेले, आणि जिभेवर एक फोड. कच्चा बटाटा चावून "सफरचंद" म्हणणारे चौघे निघाले. त्यांतला एक तर "गोड आहे सर" असेही म्हणाला. त्याची थट्टा पुढे दहावीपर्यंत चालली.

गुळाचा प्रयोग अधिक विलक्षण होता. नाक धरून गूळ जिभेवर ठेवला तर नुसती गोडी लागते. ती साखरेची आहे की गुळाची, हे नेमके सांगता येत नाही. मग नाक सोडले की एका क्षणात 'गूळ' येतो. तो बाहेरून येत नाही. घशाच्या मागच्या वाटेने त्याचा दरवळ नाकात चढतो आणि आपल्याला वाटते की जिभेलाच चव कळली. सर म्हणाले, बिचाऱ्या जिभेला फार थोड्या गोष्टी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती उमामी. समुद्रशेवाळाच्या कढणातून ही पाचवी चव जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली वेगळी काढून दाखवली. शिजवलेली डाळ, टोमॅटो, सुकट यांत आपल्याला जो एक भरीव रुचकरपणा वाटतो, तो पुष्कळसा तोच. बाकीचे सारे नाकाचे, डोळ्यांचे, कानांचे, त्वचेचे. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा एक नकाशा आमच्या वहीत रंगवून काढलेला होता. तो एका जुन्या जर्मन संशोधनाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाला, हे सरांनी सांगितले. त्यांनी तो खोडायला लावला नाही. त्याच्याखाली 'हे चुकीचे आहे' असे स्वच्छ अक्षरात लिहायला लावले. ती वही आमच्यातील एकाकडे अजून आहे.

तिखटाबद्दल मात्र आम्ही बराच वाद घातला. मराठवाड्याच्या मुलाला तिखट ही चव नव्हे असे सांगणे म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान होता. परंतु शास्त्र तसेच म्हणते. मिरचीतला दाहक अंश जिभेवरच्या चवीच्या कळ्यांना नव्हे, तर वेदनेच्या आणि उष्णतेच्या मज्जातंतूंना डिवचतो. ज्या ग्राहकाला कढत पाण्याचा चटका कळतो, त्यालाच मिरचीचाही चटका कळतो. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा त्यासाठी होता. म्हणजे ठेचा खाताना जीभ पोळली असे आपल्या आया म्हणत, ते अलंकारिक नव्हते. आणि येथेही डोळा लुडबुड करतोच. ब्याडगी मिरचीचा लाल रंग पाहून घाबरावे तर ती सौम्य. इवलीशी लवंगी मात्र कानशिले तापवते. पाहुण्यांच्या दिवशीच्या लालभडक रश्श्याला आम्ही उगाच हाशहुश करीत असू, आणि रोजची हिरव्या मिरचीची फिकट आमटी डोळ्यांत पाणी आणीत असताना तिला कोणी तिखट म्हणत नसे.

शाळा सोडल्यावर अशा प्रयोगांबद्दल वाचण्यात येत गेले. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात द्राक्षमद्याचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरे मद्य दिले, आणि त्याच मद्यात गंधहीन लाल रंग मिसळूनही दिले. (शाळेच्या स्मरणिकेत मद्याचे उदाहरण द्यावे काय, यावर आमच्यात चर्चा झाली. पाचव्या शीलाला बाध पिण्याने येतो, वाचण्याने नव्हे, असे बहुमत पडले.) लाल दिसणाऱ्या मद्याचा वास वर्णन करताना त्या विद्यार्थ्यांनी लाल मद्यासाठी राखून ठेवलेले शब्द वापरले. ते शिकाऊ का होईना, जाणकार होते. तरीही डोळ्याने नाकाला सांगितले आणि नाकाने ऐकले. हा शोधनिबंध २००१ चा. त्यानंतर तीनच वर्षांनी ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी आपल्या सहकाऱ्यासह कानाची परीक्षा घेतली. बटाट्याचे वेफर्स खाताना त्यांचा कुरकुर आवाज खाणाऱ्याच्याच कानात यंत्राने वाढवून सोडला, तर तेच वेफर्स अधिक ताजे आणि कुरकुरीत वाटले. आम्हाला याचे नवल वाटले नाही. दुपारच्या शेवटच्या तासाला स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला की फळ्यावरचे सर्व काही पुसट होत असे. ती थाप ऐकून तोंडाला सुटलेले पाणी हाच आमच्या जेवणाचा पहिला घास होता.

वासाचे महत्त्व मात्र वाचून नव्हे, भोगून कळले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आमच्यापैकी तिघांचा वास गेला. त्यांतला एक घाटी रुग्णालयात अकरा दिवस होता. तो बरा होऊन आल्यावर म्हणाला, मीठ कळते, लिंबू कळते, पण भाकरी म्हणजे भिजवलेला पुठ्ठा. दोन महिन्यांनी एके सकाळी तव्यावर भाकरी करपल्याचा वास त्याला आला, आणि घरातील सगळे तव्याकडे धावत असताना तो खुर्चीत बसून रडत होता.

हे सर्व शास्त्र आम्ही नंतर गोळा केले. त्याचे मूळ मात्र आम्हाला शाळेतच, रविवारच्या धम्मवर्गात मिळाले होते, आणि ते दोन हजार वर्षांपूर्वीचे होते. आपल्या शहरात मिलिंद आणि नागसेन ही केवळ ग्रंथातली नावे नाहीत. बाबासाहेबांनी १९५० साली येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव लाभले आणि तो सारा परिसर नागसेनवन झाला. रिक्षावाल्यालाही ही नावे पाठ. परंतु 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात मिठावर वाद आहे, हे भंतेजींनी सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते.

त्याचा आशय असा. मीठ डोळ्यांनी ओळखता येते काय, असा प्रश्न निघतो. राजा होय म्हणतो, मग सावध होतो आणि मीठ जिभेनेच कळते असे कबूल करतो. त्यावर पेच येतो: मीठ केवळ जिभेने कळणारे असेल, तर बैलगाड्या भरभरून का आणावे लागते? नुसता खारेपणा का आणीत नाहीत? उलगडा असा की खारेपणा आणि जडपणा एका ठिकाणी एकजीव झालेले आहेत, एकाला सोडून दुसरा आणता येत नाही; तरी दोहोंचे विषय वेगळे. तराजूत तोलले जाते ते मीठ नव्हे, वजन. त्याच ग्रंथात राजाच्या आचाऱ्याचेही उदाहरण येते. त्याने रश्श्यात दही, मीठ, आले, जिरे, मिरे घातले. आता दह्याची चव वेगळी काढून दे, जिऱ्याची वेगळी काढून दे, असे म्हटले तर ते शक्य नाही. आणि तरीही प्रत्येक चव आपापल्या लक्षणाने तेथे आहेच. नागसेनांना त्यातून चित्ताविषयी सांगायचे होते. स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना अशाच एकत्र येतात. आम्हाला मात्र तेव्हा ऐन अकरा वाजता रश्श्याची आठवण झाली आणि पुढचे अर्धे निरूपण निसटले.

भंतेजी शिकवीत त्यात इंद्रिये पाच नव्हती, सहा होती. चक्षु, श्रोत्र, घ्राण, जिव्हा, काय आणि सहावे मन. बोर्दोच्या विद्यार्थ्यांना फसवणारे हे सहावे. लाल रंग डोळ्यांनी पाहिला, पण 'लाल म्हणजे अमुक' हे मनाने आधीच लिहून ठेवले होते.

एका रविवारी भंतेजींनी महाकाश्यपांची कथा सांगितली. महाकाश्यप भिक्षेला गेले असता एका कुष्ठरोग्याने आपल्या घासातला घास त्यांच्या पात्रात टाकला, आणि टाकताना त्याचे झडलेले बोटही त्यात पडले. महाकाश्यपांनी तेथेच भिंतीच्या आडोशाला बसून ते अन्न खाल्ले. खाताना आणि खाल्ल्यावर त्यांच्या मनात किळस उमटली नाही. आम्ही एकमुखाने "शी" म्हटले. भंतेजी हसले. मग मागच्या रांगेतून एकाने हात वर केला आणि विचारले, "भंतेजी, माझे पणजोबा येसकर होते. गावाच्या घराघरांतून टोपल्यात शिळे तुकडे पडायचे, सगळे एकत्र. त्यांनाही किळस येत नसेल का?"

वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. भंतेजींनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग ते म्हणाले, "महाकाश्यपांनी पात्र स्वतःहून हातात घेतलं होतं." एवढेच. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे-उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे का सांगितले, याचा अर्थ त्या एका वाक्याने आम्हाला जेवढा कळला तेवढा धड्याने कळला नव्हता. पात्रातले अन्न आणि टोपल्यातले अन्न कदाचित एकच असेल. परंतु पाहणारे डोळे वेगळे, आणि ज्याच्याकडे पाहिले जाते त्याच्या जिभेपर्यंत ते डोळे पोहोचतात. चवीच्या प्रयोगशाळांतून आम्ही हे कोठे वाचलेले नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मात्र आपल्या घरांतली चूल प्रथमच अशी मोकळी मांडलेली दिसली. आपल्या आज्यांच्या हातचे पदार्थ छापील पानावर, पाककृतीसह, मान खाली न घालता वाचायला मिळाले, तेव्हा आमच्यापैकी काहींना त्यांची चव पुन्हा आठवली.

आता ज्वारीविषयी. आपल्याकडे ज्वारीचा रंग ही साधी गोष्ट नाही. रब्बीचा शाळू, मालदांडी, मोत्यासारखी पांढरी; तिची भाकरी कोणाहीपुढे वाढावी. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो मात्र लाल होती. आमचे आजी-आजोबा खडी फोडायला जात, तेथे सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो. तिची आठवण घरोघर एकाच शब्दात निघते: जनावरांचं खाणं. अमेरिकेत ती जनावरांना घालतात हे खरेच होते आणि ते गावोगाव पोहोचलेही होते. लाल ज्वारीच्या काही वाणांत तुरटपणा असतो हेही खरे. परंतु आमच्यातील एकाच्या आजीने एकदा सांगितले, "दिवसा खाल्ली की घशाखाली उतरत नव्हती. रातच्याला चूल विझवून खाल्ली की मग तेवढं काही वाटत नव्हतं." आम्ही तिला बोर्दोबद्दल काही सांगितले नाही. तिला ते आधीच माहीत होते.

आमच्या वेळी मिलो नव्हती. काळी ज्वारी होती. खरिपाची हायब्रीड ज्वारी कणसात भरते तेव्हाच परतीचा पाऊस धरला, की दाण्यावर बुरशी चढते आणि दाणा काळा पडतो. बाजारात तिला भाव नसतो. ज्याच्याकडे विकायला दुसरे काही नाही, तो ती स्वतः खातो. तिची भाकरी राखेसारख्या रंगाची होते.

असाच पाऊस झालेल्या एका वर्षी, डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी पालकभेटीचा दिवस होता. लिंबाखाली सतरंज्या टाकलेल्या. कोणाचे लाडू उघडले गेले, कोणाच्या डब्यात पुरणपोळ्या, एकाच्या वडिलांनी तर शहागंजातून येताना नानखलियाचे पार्सलच बांधून आणले होते आणि त्याची तांबडी तर्री पाहायला आम्ही सगळे वाकलो होतो. त्याच वेळी एक आई फाटकातून आत आली. पहाटे गंगापूरकडून निघून ती एसटीने आली होती. तिने फडके सोडले. आत सहा भाकरी होत्या, काळ्या, आणि वर ठेच्याचा गोळा.

मुलाने भाकरीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. आम्ही फक्त पाहिले. तो म्हणाला, "आई, पोट दुखतंय माझं." तिने फडके पुन्हा बांधले. बांधताना तिने गाठ दोनदा मारली, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना लख्ख आठवते. मग ती स्वयंपाकघराकडे गेली आणि मावशींशी बोलून संध्याकाळच्या गाडीने परत निघाली.

त्या रात्री नेहमीप्रमाणे वीज गेली. पंगत बसली. नेहमीच्या पोळीच्या जोडीला मावशींनी प्रत्येकाच्या ताटात भाकरीचा एकेक चतकोर टाकला आणि बोटभर ठेचा. अंधारात आम्ही खाल्ले. चुलीचा धूर त्या भाकरीला लागलेला होता, कडा जाड होती, आणि ठेच्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा वास होता. "मावशी, आज भाकरी कुठली?" असे कोणीतरी ओरडले. "अजून आहे का?" असे दुसऱ्याने विचारले. मावशी म्हणाल्या, "संपली." सहा भाकरी, मधल्या दोन रांगा. सगळ्यांत आधी संपलेले ताट ठेच्याचेच होते.

त्या मुलाने घास तोंडात घालण्याआधीच ओळखले होते. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. आईच्या भाकरीची कड कशी असते हे बोटांना माहीत होते. त्याने आपला चतकोर संपवला, ताट पुसून खाल्ले, आणि दिवे येण्याच्या आत उठून हात धुवायला गेला. त्याच्या शेजारी बसलेल्यांना कळले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. उजेड आला तेव्हा ताटे रिकामी होती. काळे काय आणि पांढरे काय, पाहायला काहीच उरले नव्हते.

तो मुलगा आमच्यातलाच एक आहे. कोण, ते आम्ही येथे सांगत नाही. या लेखावर आम्हा सर्वांची मिळून एकच सही आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा जालना रोडवरच्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी ताटात मानाने बसली आणि आम्ही तिचे पैसे मोजले. तेथून घरी जाऊन त्याने आईला सतरा वर्षांनी ती गोष्ट सांगितली. पोट दुखत नव्हते, हे सांगितले. त्या रात्री अंधारात भाकरी सगळ्यांनी खाल्ली, पुरली नाही, हेही सांगितले.

आई शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने विचारले, "ठेच्यात मीठ बरोबर पडलं होतं का रे?"